हद्द आधी, रंग नंतर

टण्ण, एवढाच आवाज झाला.

दुपारी दीड ते तीन घर माझं असतं. गोटी झोपलेली असते. त्या दीड तासात मी नळ सोडत नाही, खुर्ची ओढत नाही, फोनसुद्धा उशीखाली कोंबून ठेवते. चार वर्षांच्या मुलीची झोप एकदा मोडली की ती परत जोडता येत नाही. त्यामुळे तो आवाज मला भांडं पडल्यासारखा मोठा वाटला.

दाराला पत्रं टाकायची फट आहे. तिच्याखाली पायपुसण्याच्या कडेला किल्ली पडली होती. आमच्याच घराची, तांब्याच्या तारेच्या कडीत ओवलेली. ती कडी मामांनी वळलेली. माझं लग्न झालं आणि मी हे घर घेतलं तेव्हापासून ती किल्ली त्यांच्या खिशात असायची. मी कामावर असले की ते येत, गोटीला खाऊ घालत, दिवे तपासत, आणि कुठलंही बटण जरा सैल लागलं की माझ्यावर ओरडत.

खिडकीतून पाहिलं. मामा उतरणीला लागले होते. गुडघे बाहेर फाकवून, काठी टेकत, एकेक पाऊल. बेल वाजवली नव्हती. रागातही त्यांना गोटीच्या झोपेची वेळ आठवली होती. मला त्याचंच जास्त लागलं.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. पस्तीस वर्षं वीज खात्यात लाइनमन होते. लग्न केलं नाही. आई दिवसपाळीला जायची तेव्हा मला त्यांच्याकडे सोडून जायची, आणि आई गेल्यावर मी त्यांच्याकडेच राहिले. गोटीचे बाबा लांब पाइपलाइनच्या कामावर असतात, तीन आठवड्यांनी दोन दिवस येतात. तेव्हा माझं म्हणावं असं रोजचं माणूस एकच. त्याने आता किल्ली परत केली होती.

का केली, ते मला माहीत होतं. म्हणजे निदान तेव्हा तसं वाटत होतं.

मामांच्या घराखाली मोठं गवताळ रान आहे. सगळं गाव त्याला नुसतं ‘उतार’ म्हणतं. वरून पाणी येतं, गवतात मुरतं, उरलेलं तळाच्या डबक्यात साठतं. डबक्यात लव्हाळी आणि लांब पायांचे पक्षी. लोक सकाळी तिथे फिरायला जातात, मुलं पतंग उडवतात, आणि आपला उतार, आपला उतार म्हणतात. कागदावर मात्र तो मामांचा. आजोबांकडून आलेला, एका तुकड्यात, घरासकट.

नगरपालिकेचा नवा आराखडा आला आणि त्यात उतारावर इमारती दाखवलेल्या निघाल्या. एका बिल्डरची पांढरी गाडी मामांच्या फाटकाशी दिसू लागली. मग औषधवाल्यांच्या दुकानाच्या माडीवर उतार बचाव समिती बसली. मी मोजणीवाल्या साहेबांकडे नकाशे काढते, म्हणून हरकतीचा नकाशा साहजिकच माझ्या गळ्यात पडला. खरं सांगायचं तर गळ्यात पडला नाही, मी तो मागून घेतला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, ह्याच दुपारच्या दीड तासात, मी उतार हिरव्या पेन्सिलीने रंगवला. ‘बांधकामास मनाई असावी.’ खाली माझी सही. सोबत चारशे बारा जणांच्या सह्या.

मामांना मी सांगितलं नव्हतं. सांगेन, सांगेन म्हणत राहिले. पण कसं सांगावं ते सुचत नव्हतं, आणि मनातून वाटत होतं की उतार वाचला म्हणजे त्यांनाही बरंच वाटेल.

गोटी उठल्यावर तिला घेऊन मी निघाले. किल्ली मुठीत होती.

मामांचं घर उताराच्या वरच्या टोकाला आहे. खाली दोन खोल्या, वर एक. न्हाणीघर वर. दार उघडंच होतं. मामा टेबलाशी बसून एक जुना प्लग उघडत होते. मान वर न करता म्हणाले, “या बाई. नकाशावाल्या बाई आल्या.”

“मामा, असं काय बोलता?”

“बसा. ती पिशवी खाली ठेवा आणि बसा.”

मी एकतीस वर्षांची आहे. एकतीस वर्षांत मामांनी मला कधी ‘बसा’ म्हटलं नव्हतं. गोटीच्याही ते लक्षात आलं.

“मामाआजोबा, तुम्ही आईला अहो का म्हणता?”

“कारण तुझी आई मोठी झाली, गोट्या. लोकांच्या घरांना रंग देते. फुकट. न विचारता.”

“कुठला रंग?”

“हिरवा.”

गोटीने भिंतींकडे पाहिलं. भिंती नेहमीसारख्या मळकट पिवळ्या होत्या. तिला काही ते पटलं नाही. ती जिन्याकडे गेली आणि तिथूनच ओरडली, “हे काय आहे?”

जिन्याच्या कठड्याला मामांचा कामावरचा पट्टा अडकवला होता. रुंद, चामड्याचा, लोखंडी आकड्याचा. खांबावर चढताना कमरेला बांधायचे तो. मी लहानपणी त्याच्या आकड्याला लोंबकळले आहे. आता तो तिसऱ्या पायरीशी होता आणि कठड्यावर आकडा सरकून सरकून लाकडाचा रंग गेला होता.

“तुम्ही अजून खांबावर चढता?” गोटीने विचारलं.

“रोज. आंघोळीला जायचं तर चढायलाच लागतं.”

मग त्यांनी टेबलाचा खण ओढून एक घडी घातलेला कागद काढला. माझ्या नकाशाची प्रत. ती माझ्यासमोर पसरून त्यांनी एका जागी जाड बोट ठेवलं.

“हे काय आहे?”

“तुमचं घर.”

“आणि कुठल्या रंगात?”

मी पाहिलं, आणि माझे कान तापले. घर हिरव्यात होतं. घर, अंगण, कपड्यांची दोरी, मागचं तुतीचं झाड, सगळं. रस्त्यापासून डबक्यापर्यंत एकसलग हिरवं.

आमच्या कामात पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. हद्द आधी, रंग नंतर. आधी मालकाची रेघ मोजून घ्यायची, त्यातलं काय कशाचं आहे ते वेगळं करायचं, आणि मग पेन्सिल उचलायची. दुसऱ्या कोणाच्याही जमिनीवर मी हे चुकले नसते. पण हा तुकडा मी मोजलाच नव्हता. तो मला पाठ होता. लहानपणी दारातून जे पळत सुटायचे ते थेट डबक्याला जाऊन थांबायचे. मधे घर कुठे संपतं आणि रान कुठे सुरू होतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तसंच रंगवलं, आणि समितीत कोणाच्याही ध्यानात आलं नाही. त्यांच्या दृष्टीने घर नव्हतंच तिथे, उतारच होता.

“खाली न्हाणीघर बांधायचं होतं,” मामा म्हणाले. “परवानगीचा अर्ज घेऊन गेलो. खिडकीतली बाई म्हणाली, आजोबा, तुमचं घर हिरव्यात आहे, सुनावणी होईपर्यंत एक वीट लावता येणार नाही. म्हटलं, हिरव्यात घातलं कुणी? तिने ही सही दाखवली. नाव वाचायची गरजच पडली नाही. त्या अक्षराला वळण मीच लावलंय.”

“चूक झाली मामा. मी दुरुस्त करते. उद्याच करते.”

“आणि खालचं रान? तीही चूक?”

मग जे बोलायला नको ते बोलले. “सगळे म्हणतात तुम्ही ते बिल्डरला देणार आहात.”

“सगळे! सगळ्यांना मी कधी सांगितलं?”

“त्याची गाडी तीनदा—”

“आली ना. तीनदा आली. तो ह्याच खुर्चीवर बसला, तू बसलीस तिथे. त्याने विचारलं, मामा, देता का? मी म्हटलं, बघतो. परत आला, परत विचारलं. तुमच्या चारशे बारांमधून एकजण तरी ह्या दारात आला का, मामा, ठेवता का म्हणून विचारायला?” प्लगचा स्क्रू टेबलावरून घरंगळला, त्यांनी तो तळव्याखाली दाबला. “सकाळी फिरायला येतात, माझ्या फाटकाला हात टेकून बुटातला खडा काढतात. राम राम नाही की शाम शाम नाही. आणि सह्या करतात. मला रानाची माया शिकवू नकोस पोरी. पस्तीस वर्षं खांबावरून पाहिलंय हे गाव. एकेक छप्पर वाढताना पाहिलंय. तू तेव्हा—” ते थांबले. “तुम्ही तेव्हा नव्हता.”

मी किल्ली पुढे केली. “ही ठेवा मामा.”

“नको. तुमच्या घरात माझं काय काम?”

परतताना गोटी म्हणाली, “मामाआजोबा रुसलेत.” मी म्हटलं, हो. ती म्हणाली, “मी रुसते तेव्हा तू मला उचलून घेतेस.” मी म्हटलं, ते जड आहेत.

औषधवाले सज्जन माणूस आहेत, हे आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या टेकाडावर बंगले झाले आणि त्या पावसात त्यांच्या दुकानात कमरेएवढं पाणी शिरलं. खोक्यांचा लगदा झाला. तेव्हापासून त्यांना आभाळ भरलेलं पाहिलं तरी धडकी भरते. उतार त्यांना सकाळच्या फेरफटक्यासाठी नव्हे, पाणी मुरायला हवा होता.

मी चूक सांगितली तेव्हा ते कुणाच्या तरी गोळ्या मोजून पाकिटात भरत होते. “ताई, शुक्रवारी सुनावणी आहे. आज मंगळवार. आणि तुम्ही म्हणताय नकाशा चुकला?”

“घर आणि अंगण बाहेर काढायचं. रानाबद्दलची हरकत तशीच राहील. पण त्याआधी आपण त्यांना जाऊन विचारू या.”

“काय विचारू? तुम्ही विकू नका असं? ते नाही म्हणाले तर?”

“तर निदान विचारलं असं तरी होईल.”

“अहो, एक चूक कबूल केली की समोरचा वकील सगळाच कागद फाडेल. चारशे बारा सह्या पाण्यात जातील. पाण्यात म्हणजे खरोखर पाण्यात.” त्यांनी पाकीट चिकटवलं. “आणि एक घर हिरव्यात राहिलं तर काय बिघडतं, सांगा. म्हातारा एकटा माणूस. ते काय मजले चढवणार आहेत?”

“ते रोज एक मजला चढतायत,” मी म्हटलं.

त्यांना ते कळलं नाही, आणि मला ते नीट सांगता आलं नाही. गोटीच्या हातावर त्यांनी गोड गोळी ठेवली. मला म्हणाले, “विचार करा ताई. लेकीच्या वयाला तो उतार उरायला हवा की नको?”

हवा. उरायलाच हवा. म्हणून तर रात्रंदिवस तेच डोक्यात होतं. उतार गेला तर गोटी कुठे पळत सुटेल? पण मला हेही दिसत होतं की दार उघडून कोणीही आपल्याला हवा तो रंग आत ओतणार असेल, तर उद्या माझं दार तरी माझं कसं?

गोटीच्या बाबांना फोन केला. तिकडे वारा होता, निम्मं ऐकू येत नव्हतं. “तुला मधे पडायची काय गरज होती?” एवढं मात्र स्वच्छ आलं.

शुक्रवारी नगरपालिकेच्या सभागृहात मी गोटीला मांडीवर घेऊन बसले. तिला कुठे ठेवणार? ठेवायची जागा किल्लीबरोबर परत आली होती. नाव पुकारलं तेव्हा तिला कडेवर घेऊनच उभी राहिले आणि बोलले. नकाशा माझा आहे. त्यात घराची हद्द मी न मोजता काढली. घर आणि अंगण चुकून मनाईत गेलं, ते वगळावं. रानाबद्दलची माझी हरकत कायम आहे. आणि मालकाला कोणी विचारलेलं नाही, हीही चूक, तीही नोंदवून घ्यावी.

सभागृहात खुर्च्या सरकल्या. मागून कोणीतरी “घरचंच माणूस ना, फिरणारच” म्हणालं. औषधवाल्यांनी फाइल मिटली आणि छताच्या पंख्याकडे पाहत राहिले.

अधिकाऱ्यांनी विचारलं, “मालक हजर आहेत?”

“आहे,” शेवटच्या रांगेतून आवाज आला. मला ते आलेले दिसलेच नव्हते.

“आपलं म्हणणं?”

मामा काठीवर भार टाकून उभे राहिले. “विचारलंत, त्याबद्दल आभारी आहे,” ते म्हणाले. “सध्या एवढंच.”

लोक हसले. मी हसले नाही. अधिकाऱ्यांनी सांगितलं, पंधरा दिवसांत घराची मोजलेली हद्द दाखवणारा नकाशा द्या, मालकाच्या सहीने. रानाचा निर्णय राखून ठेवतो.

त्यानंतरचा आठवडा फार शांत गेला. समितीच्या फोनवरच्या गटात मी होतेच, पण त्यात एकही निरोप येईना. आधी दिवसाला चाळीस यायचे. दोन दिवसांनी कळलं की गट दुसरा केलाय. बालवाडीच्या फाटकाशी मी पोचले की आयांच्या गप्पा संपायच्या आणि प्रत्येकीला आपापल्या मुलाचं नाक पुसायची आठवण व्हायची. कामावर साहेब म्हणाले, “टेप ने, पण माणूस देता येणार नाही.” दुपारी गोटी झोपली की मी दाराच्या फटीकडे बघत बसायचे. घर पूर्वी त्या दीड तासापुरतं माझं असायचं. आता दिवसभर माझंच होतं.

मोजायला रविवारी सकाळी गेले. तीस मीटरची टेप, खुंट्या, आणि गोटी. टेपचं शून्याचं टोक कोणीतरी धरून ठेवावं लागतं, हलवून चालत नाही. मी ते गोटीच्या हातात दिलं आणि भिंतीच्या कोपऱ्याशी उभं केलं. मी दहा पावलं गेले असेन, टेप सैल झाली. गोटी नाकतोड्याच्या मागे होती. परत उभं केलं. परत सैल. तिसऱ्यांदा मी ओरडणार तेवढ्यात दारातून खुर्चीचे पाय घासत आल्याचा आवाज आला. मामांनी खुर्ची कोपऱ्याशी आणली, बसले, आणि गवतातून टेपचं टोक काठीने ओढून घेतलं.

“कुठे धरू?”

“भिंतीला लावून. खाली.”

त्यांनी धरलं. पस्तीस वर्षं तारा धरलेला हात. टेप अशी ताणली गेली की वाऱ्यानेही हलेना. आम्ही घराच्या चार भिंती मोजल्या, अंगण मोजलं. ते आकडा विचारायचे, मी सांगायचे, बाकी बोलणं नाही. पूर्वेच्या बाजूला ते म्हणाले, “इथे न्हाणीघर येणार. ते धर.” मी धरलं. तुतीपाशी म्हणाले, “झाड आत घे.” घेतलं. झाडाच्या पलीकडे मी खुंटी ठोकली आणि तिच्यापुढे थेट खालपर्यंत गवत होतं. डबक्यावर एक पक्षी एका पायावर उभा होता.

टेबलावर नकाशा ठेवून मी रेघ ओढली. हिरवी पेन्सिल उचलली नाही. मामांनी चष्मा लावून रेघ पाहिली, सही केली. मग मी विचारलं. जी तयार करून आले होते ती वाक्यं आठवली नाहीत.

“मामा, खालचं रान ठेवता का?”

त्यांनी चष्मा काढून काड्या दुमडल्या.

“विचारलंस,” ते म्हणाले.

“हो.”

“उशिरा विचारलंस.”

“हो मामा.”

“मग मलाही वेळ लागेल.” त्यांनी नकाशा माझ्याकडे सरकवला. “आणि एक ऐक. विचारतेस तर उत्तर काहीही येऊ शकतं, हे धरून विचार. मी विकतो म्हटलं आणि तू परत ती पेन्सिल घेऊन बसणार असशील, तर मग हे विचारणं नाही. नुसतं कळवणं झालं.”

मी टेप गुंडाळत राहिले. ती आधीच गुंडाळलेली होती.

निघताना मी किल्ली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, त्यांच्या चष्म्याच्या घराशेजारी. त्यांनी पाहिलं. घेतली नाही, परतही दिली नाही. फाटकाशी वळून बघितलं तेव्हा ते दारात नव्हते, आणि किल्ली तिथेच आहे का हे तेवढ्या लांबून दिसत नव्हतं.

आम्ही उताराच्या कडेने चाललो. गवत गोटीच्या गळ्यापर्यंत येत होतं. ती त्यात हात बुडवून, पोहल्यासारखी चालत होती. मधेच थांबली.

“आई, मामाआजोबांनी हे सगळं देऊन टाकलं, तरी ते तुला आवडतील?”